जुनी डिझेल फोर बाय फोर धूर सोडते आणि ओढत नाही? पंप खोलायच्या आधी हे बघा

घोडबंदर रोडवर माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंत जुनी डिझेल गाडी अगदी शहाण्यासारखी चालते, कारण त्या ट्रॅफिकमध्ये तिसऱ्याच्या वर गिअर टाकतो कोण. खरी परीक्षा पुढे, गायमुखच्या चढावर. माझी तिथेच नापास झाली. तिसऱ्यात ओढेना म्हणून दुसरा टाकला, पाय खालपर्यंत दाबला, आवाज वाढला पण गाडी जैसे थे, आणि आरशात बघतो तर मागचा टेम्पो दिसेचना, सगळा काळा धूर. टेम्पोवाल्याने वर आल्यावर बाजूला येऊन जे सुनावलं ते इथे लिहीत नाही.

गाडी २००४ ची, टर्बो (इंजिनात जोराने हवा भरणारा पंखा) आणि इंटरकूलरवाली (ती हवा थंड करणारी जाळी), डिझेल सोडणारा पंप मेकॅनिकल. पहिल्या गॅरेजमध्ये दोनदा रेस करून बघितलं आणि निकाल लागला, डिझेल फवारणारे नोझल गेले. नोझल केले. मग म्हणाले पंप. पंप उतरवून कॅलिब्रेशनला पाठवला, पाच दिवस गाडी शेडमध्ये, आणि परत आल्यावर गायमुखला पुन्हा तेच, उलट धूर जरा जास्तच. शेवटी एका रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये भाच्याला सीटवर बसवून रेस द्यायला सांगितलं आणि मी इंटरकूलरच्या रबरी होजखाली हात नेला तर तळहातावर फुस्सकन हवा लागली. होज खालच्या अंगाने बोटभर फाटलेला, वरून बघाल तर अगदी धडधाकट. भाचा म्हणाला, "मामा, एवढंच?" हो बाबा, एवढंच, आणि ह्या एवढ्याशा होजसाठी मी पंपाचं बिल भरून बसलो होतो.

तर जुनी डिझेल फोर बाय फोर नुकतीच घेतलीय आणि ती धूर सोडतेय, पिकअप नाही, मिस्त्री म्हणतोय पंप खोलू, अशा माणसासाठी हे लिहितोय. पाने फार चालवता येत नसतील तरी यातलं अर्ध्याहून जास्त काम तुम्ही स्वतः करू शकता.

आधी एक गोष्ट डोक्यात बसवा

पेट्रोल गाडीत पाय दाबला की आधी हवा वाढते. जुन्या डिझेलमध्ये तसं नाही, तिथे पाय दाबला की पंप डिझेल जास्त सोडतो, हवा मात्र जेवढी येईल तेवढीच. म्हणून नुसता धूर बघून काही कळत नाही आणि नुसती पॉवर बघूनही नाही, दोन्ही एकत्र बघायचं. धूर काळा आणि गाडी ओढतही नाही, म्हणजे डिझेल पोचतंय पण जळायला हवा नाही, दोष बहुतेक हवेच्या बाजूला. धूर अजिबात नाही आणि गाडी मेलेली, म्हणजे हवा आहे पण डिझेलच पोचत नाही. आणि धूर काळा पण गाडी बंदुकीच्या गोळीसारखी पळतेय, तर कोणीतरी पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवून ठेवलंय, जुन्या मालकाला विचारा, तो हसेल.

माझ्या केसमध्ये हेच चुकलं. काळा धूर होता आणि ओढ नव्हती, म्हणजे पहिला संशय हवेवर यायला हवा होता आणि आम्ही सगळे डिझेलमागे लागलो. धूर जास्त का झाला तेही नंतर कळलं, साफ केलेले नोझल आणि सेट केलेला पंप आता पूर्ण डिझेल देत होते आणि हवा तीच गळकी.

पांढरा आणि निळा ही वेगळी प्रकरणं आहेत, ती पुढे.

एक सकाळ टेस्टसाठी काढा

रविवारी पहाटे, इंजिन पूर्ण थंड असताना सुरुवात करायची. आदल्या रात्री गाडी सपाट जागी लावा. सकाळी सेल्फ मारायच्या आधी डिपस्टिक, कूलंटची लेव्हल आणि एअर फिल्टर बघून घ्या. रेडिएटरचं झाकण उघडायचं तर ते फक्त थंड इंजिनवर, गरम असताना उघडलं की उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

मग स्टार्ट करा आणि मागे कोणीतरी मोबाइल घेऊन उभा राहू दे, व्हिडिओ काढू दे. पहिल्या मिनिटाचा धूर फार बोलतो, आणि तो गॅरेजमध्ये कधीच दिसत नाही कारण तिथे पोचेपर्यंत इंजिन गरम झालेलं असतं.

गरम झाल्यावर चढावर न्या. ठाण्याचे असाल तर गायमुख, पण उजाडायच्या आत, नंतर कंटेनरच्या रांगेत टेस्ट कसली. नवी मुंबईत पारसिक हिलचा बेलापूरकडून वर जाणारा रस्ता चालेल. पाम बीच रोडवर टेस्ट करून काही उपयोग नाही, सपाटीवर कुठलीही गाडी पळते. तिसरा गिअर, साधारण १५०० आरपीएमपासून पाय पूर्ण दाबून ३००० पर्यंत न्यायची, आणि किती वेळ लागला, धूर कुठल्या आरपीएमला सुरू झाला, शिट्टीसारखा आवाज आला का, हे शेजारी बसलेल्याने लिहायचं. लिहायचंच, कारण घरी येईपर्यंत निम्मं विसरतो आपण.

वर पोचल्यावर गाडी थांबवून चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या, लावू नका, नुसती धग बघा. एक चाक बाकीच्यांपेक्षा तापलेलं असेल तर ब्रेक चिकटतोय आणि तुम्ही इंजिनला उगाच शिव्या देताय. तसंच आरपीएम वाढतोय पण स्पीड नाही, तर क्लच प्लेट. आणि फोर बाय फोरवाल्यांसाठी खास, पार्ट टाइम फोर बाय फोर गाडी (एरवी दोन चाकांवर चालणारी, लिव्हर टाकला की चार) कोरड्या डांबरावर ४ एच मध्ये, म्हणजे चारही चाकांवर, राहिली असेल तर ती वळताना अडते, जड चालते. लिव्हर टू एच ला आहे म्हणून गप्प बसू नका, पुढचे हब खरंच सुटलेत का ते गाडी सरळ ढकलून आणि पुढचा प्रॉपेलर शाफ्ट फिरतोय का बघून कळतं. एका ओळखीच्याने पिकअप नाही म्हणून टर्बोपर्यंत मजल मारली होती, निघाला लो रेंजचा लिव्हर अर्धवट अडकलेला.

आणखी एक हास्यास्पद पण खरी गोष्ट. इंजिन बंद करून कोणालातरी ऍक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगा आणि तुम्ही बॉनेटखाली पंपावरचा लिव्हर शेवटच्या स्टॉपला टेकतोय का बघा. केबल ताणली असेल किंवा पायाखाली जाडजूड रबरी मॅट टाकली असेल तर पेडल पूर्ण जातच नाही. पावसाळ्यात मॅटवर मॅट टाकणारे लोक आहेत, मी पण त्यातलाच.

काळा धूर आणि दम नाही: हवेच्या मागे लागा

हवा आत घेणाऱ्या तोंडापासून सायलेन्सरपर्यंत हवेच्या रस्त्याने बोट फिरवत जायचं, मधलं काही सोडायचं नाही.

एअर फिल्टर बाहेर काढा आणि उन्हात धरून बघा. आपल्याकडे मेट्रोची कामं, रबाळे-महापे पट्ट्यातली धूळ, क्वारीच्या गाड्या, फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरच्या खूप आधी भरतो. हवा मारून पुन्हा पुन्हा वापरायची सवय असते, पण कागद ओला होऊन वाळलेला असेल तर तो फेकायचाच. फिल्टरच्या डब्यात पाणी किंवा चिखलाची रेघ दिसली तर गाडी कधीतरी पाण्यात घातलेली आहे, हे सेकंड हँड घेताना फार कामाला येतं. जुन्या जीपसारख्या गाड्यांत ऑइल बाथ फिल्टर असतो, खाली ऑइलची वाटी, त्यात मार्कच्या वर ऑइल भरलं तर इंजिन ते ओढून घेतं आणि धूर निळसर होतो, कमी भरलं तर धूळ आत. ज्यांच्या गाडीला टर्बोच नाही, उदाहरणार्थ महिंद्राच्या एमएम ५४० मधलं प्युजोचं डिझेल इंजिन, त्यांचं हवेचं काम बरंचसं इथेच संपतं, पुढचं टर्बोवाल्यांसाठी.

टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून मॅनिफोल्डपर्यंत (इंजिनात हवा वाटणाऱ्या पाइपपर्यंत) जे रबरी होज आहेत ते प्रत्येक हाताने दाबा, पिळा, खालून टॉर्च मारून बघा. फाट बहुतेक वेळा खालच्या बाजूला किंवा क्लिपच्या अगदी कडेला असते, आणि आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, ती मिटलेली असते, प्रेशर आलं की उघडते, म्हणून उभ्या गाडीत काहीच सापडत नाही. सांध्याजवळ तेलाचा ओशट काळा डाग दिसला तर तिथून हवा गळतेय समजा, टर्बोच्या हवेत थोडं ऑइल असतंच आणि ते गळतीच्या जागी बाहेर येतं. साबणाचं पाणी लावून रेस द्यायची, बुडबुडे येतात. हात खाली नेताना बाही वर, घड्याळ काढून, आणि फॅन-बेल्टच्या बाजूला अजिबात नाही. माझा हात नशिबाने वाचलाय म्हणून सांगतोय.

मग टर्बो. इंजिन थंड असताना टर्बोच्या तोंडावरचा पाइप काढा आणि आतल्या चक्राचा नट बोटांनी हलवून बघा. बाजूला अगदी किंचित खेळ चालतो, कारण शाफ्ट ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो, पण आत-बाहेर सरकत असेल किंवा पाती घराला घासल्याच्या खुणा असतील तर टर्बो गेला. हा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, म्हणून पातीला जरा टवका उडालेला दिसला तरी तसंच चालवू नका.

टर्बोवर एक डबी असते, ऍक्च्युएटर, तिच्यातून दांडी निघते. काही गाड्यांत ती बूस्टच्या, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेच्या, प्रेशरवर हलते आणि काहींत व्हॅक्यूमवर. व्हॅक्यूमवाली असेल तर इंजिन स्टार्ट करताना दांडी ओढली जाताना दिसायला हवी. नाही हलली तर दांडी जाम आहे, डायफ्रॅम फाटलाय किंवा तिच्याकडे येणारी बारीक काळी नळी तडकलीय. ह्या नळ्या उष्णतेने बिस्किटासारख्या होतात, आणि मीटरने मिळतात, सगळ्या एकदम बदलून टाका. बऱ्याच डिझेलमध्ये व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या मागे असतो आणि ब्रेक बूस्टरलाही तोच पोसतो, म्हणून पिकअप गेला आणि ब्रेकही कडक लागतोय असं एकाच वेळी झालं तर धागा तिथे आहे.

ईजीआर व्हॉल्व (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) असेल तर तो उघडा अडकून बसला की जळलेला धूरच परत इंजिनात जातो आणि ताज्या हवेची जागा खातो, गाडी खालच्या आरपीएमला गुदमरते. काढून साफ करायचा, काजळीचा थर बघून तुम्हाला धक्का बसेल. पत्रा लावून बंद करा असा सल्ला सगळीकडे मिळतो, मी तो देणार नाही, ते प्रदूषणाच्या यंत्रणेशी छेडछाड करणं होतं आणि कॉमन रेल (कॉम्प्युटरवर डिझेल सोडणाऱ्या) गाडीत चेक इंजिनचा दिवा पेटतो तो वेगळाच.

शेवटी सायलेन्सर. आतला पत्रा कोसळला किंवा कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) भरला तर हवा आत यायला जागाच राहत नाही. पुढचा जॉइंट ढिला करून सोसायटीत एक चक्कर मारा, आवाज भयानक येईल, पण गाडी अचानक मोकळी झाली तर उत्तर मिळालं.

धूर नाही, पण गाडी मरते: डिझेलची बाजू

ह्याचा किस्सा मुरबाडच्या पुढचा. माळशेजला निघालो होतो, होज बदलून वर्ष झालेलं, गाडी खुशीत, आणि टोकावड्याच्या आसपास हळूहळू जीव जायला लागला. धूर नाही, आवाज नाही, नुसती दमत गेली आणि बंद पडली. दहा मिनिटं थांबलो, चहा घेतला, स्टार्ट केली तर एकदम ठणठणीत. पंधरा मिनिटांनी पुन्हा तेच. "थांबलं की बरी होते" हे लक्षण लिहून ठेवा. टाकीत काहीतरी तरंगतंय, ओढ लागली की ते डिझेल ओढणाऱ्या नळीच्या जाळीवर जाऊन बसतं आणि इंजिन बंद झालं की सुटून खाली पडतं. माझ्या टाकीत निघाला कॅनच्या सीलचा प्लास्टिकचा तुकडा, नखाएवढा. टाकीचं झाकण उघडताना जोरात फुस्स झालं आणि त्यानंतर गाडी बरी झाली, तर मात्र दोष टाकीच्या ब्रीदरचा, म्हणजे टाकीत हवा येण्याच्या भोकाचा.

डिझेल फिल्टरच्या खाली एक नॉब असतो, तो सैल करून काचेच्या बरणीत थोडं डिझेल काढा आणि पाच मिनिटं ठेवा. पाणी जड, ते तळाला बसतं आणि रेघ स्पष्ट दिसते. पावसाळ्यात हे महिन्याला एकदा करा, जुन्या पत्र्याच्या टाक्या अर्ध्या रिकाम्या राहिल्या की आत घाम धरतो आणि गंजही सुटतो. फिल्टर कधी बदलला माहीत नसेल तर विचार न करता बदला आणि लगेच तारीख पेनाने त्याच्यावर लिहा.

हवा ओढतेय का बघायला सोपी युक्ती आहे, मेकॅनिकल पंपवाल्या गाडीत पंपाच्या इनलेटला हातभर पारदर्शक नळी लावायची. इंजिन चालू असताना बुडबुडे दिसले तर फिल्टरच्या वॉशरपासून टाकीपर्यंत कुठेतरी हवा शिरतेय. डिझेल गळत नाही पण हवा शिरते असं होतं, कारण तिथे ओढ असते, दाब नसतो, म्हणून कोरडा दिसणारा सांधाही गुन्हेगार असू शकतो. सकाळी सेल्फ खूप मारावा लागतो आणि हँड पंप मारला की लगेच उठते, ही त्याचीच खूण.

अजून शंका असेल तर बाटली टेस्ट. स्वच्छ डिझेलचा छोटा कॅन बॉनेटजवळ घट्ट बांधून त्याच्यातून थेट फिल्टरला नळी द्या, रिटर्नची नळीही त्याच कॅनमध्ये, आणि बंद आवारात जरा चालवून बघा. बरी चालली तर दोष कॅनच्या मागचा, म्हणजे टाकी किंवा लाइन. बिडी-सिगारेटवाला लांब ठेवा.

एक बारीक गोष्ट बऱ्याच मिस्त्रींच्याही लक्षात येत नाही. टर्बोवाल्या काही मेकॅनिकल पंपांच्या डोक्यावर एक डायफ्रॅम असतो आणि त्याला मॅनिफोल्डमधून एक बारीक नळी येते. बूस्ट आला की ती नळी पंपाला सांगते, आता डिझेल वाढव. ही नळी फाटली किंवा निसटली तर पंपाला वाटतं बूस्टच नाही, तो हात आखडता घेतो, आणि गाडी धुराशिवाय ढिम्म होते. नळीची किंमत चहाच्या बिलात बसते.

पांढरा धूर

ठाण्यात थंडी ती काय, त्यामुळे आपल्याकडे "हवामानामुळे" म्हणून पांढरा धूर फार माफ करू नका. डिसेंबरच्या सकाळी सायलेन्सरमधून अर्धा मिनिट वाफ आली तर ठीक. पण डोळे चुरचुरतात आणि कच्च्या डिझेलचा वास येतो, मिनिटभर इंजिन लंगडतं आणि मग ठीक होतं, तर न जळलेलं डिझेल बाहेर पडतंय. आधी हीटर प्लग (थंड इंजिन स्टार्ट करताना सिलिंडर तापवणारे) तपासा, इंजिन बंद ठेवून, तार काढून मल्टिमीटरने प्लग आणि बॉडीमध्ये रेझिस्टन्स बघायचा, चांगला प्लग एक ओहमच्या आसपास किंवा खाली दाखवतो, मेलेला काहीच दाखवत नाही. चारपैकी दोन गेलेले असले तरी गाडी स्टार्ट होते, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही. प्लग बरोबर असून गरम झाल्यावरही पांढरा चालूच असेल तर टायमिंग (डिझेल फवारायची वेळ) मागे गेलंय किंवा कम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचं प्रेशर) कमी आहे.

दुसरा पांढरा जास्त वाईट. डोळे चुरचुरत नाहीत, किंचित गोडसर वास, सायलेन्सरच्या टोकाला पाण्याचे थेंब, आणि कूलंट दर आठवड्याला कमी होतोय पण खाली एक थेंब नाही. थंड इंजिन स्टार्ट करून लगेच वरचा रेडिएटर होज दाबा, गरम व्हायच्या आतच तो टणक होत असेल तर कम्प्रेशन पाण्यात शिरतंय, हेड गॅस्केट किंवा हेडला क्रॅक. ईजीआर कूलर असलेल्या गाडीत तोही फुटतो. अशी गाडी पुढे चालवू नका, टो करून न्या.

निळा धूर

निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. रात्रभर उभ्या गाडीतून सकाळी एकदाच निळा भपकारा येऊन थांबला तर व्हॉल्वचे सील. चढावर लोड असताना सतत येत असेल तर पिस्टनच्या रिंगा. सिग्नलला बराच वेळ आयडल करून निघताना येत असेल तर टर्बोचा सील किंवा व्हॉल्वचे सील, दोन्हीपैकी काहीही. खर्चात पडायच्या आधी डिपस्टिक बघा, मार्कच्या वर ऑइल भरलेलं असेल तर जास्तीचं तेवढं काढून टाका, अर्ध्या वेळा गोष्ट तिथेच मिटते.

रिंगांचा अंदाज घ्यायला इंजिन आयडलला ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करून उलटं ठेवा. थोडा फुफाटा सगळ्याच जुन्या इंजिनात असतो, पण झाकण उडायला लागलं आणि आगगाडीसारखा भकभक धूर आला तर झिजलेल्या रिंगांमधून गॅस खाली मारतोय.

आणि डिपस्टिकवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलंय, त्याला डिझेलचा वास येतोय, तर स्टार्टच करू नका. पंपाच्या सीलमधून किंवा नोझलमधून डिझेल खाली उतरतंय. असं ऑइल, किंवा फाटलेल्या टर्बोचं ऑइल, हवेच्या रस्त्याने इंजिनात गेलं की इंजिन तेच जाळून स्वतःच रेस घ्यायला लागतं आणि चावी काढली तरी थांबत नाही. तसं झालंच तर घाबरून बॉनेट उघडून वाकू नका. मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक पूर्ण दाबा, चौथा किंवा पाचवा गिअर टाका आणि क्लच सोडा, इंजिन गळा दाबल्यासारखं बंद पडतं. नाहीतर हवेच्या तोंडावर लाकडी फळी दाबायची, हात किंवा फडका नाही, तो आत ओढला जातो.

तुमची कॉमन रेल आहे का

स्कॉर्पिओ सीआरडीई, सफारी डायकॉर, थार सीआरडीई, तीन लिटर फॉर्च्युनर ह्या सगळ्या कॉमन रेल. पजेरो एसएफएक्स किंवा सफारीचं जुनं दोन लिटर टर्बो इंजिन म्हणजे मेकॅनिकल पंप. फरक समजून घ्या कारण एक जुनी टेस्ट इकडे जीवघेणी आहे. मेकॅनिकल पंपात मिस्त्री एकेका नोझलच्या पाइपचा नट जरासा सैल करतो आणि आवाज बदलतो का बघतो, ज्याला सैल करून काहीच फरक पडत नाही तो सिलिंडर मेलेला. हे तिथे चष्मा लावून, लांबून, चालतं. कॉमन रेलमध्ये हजार बारच्या वर प्रेशर असतं, तिथे तो नट चालू इंजिनवर हलवायचा नाही, डिझेलची धार कातडी भेदून आत शिरते आणि बोट कापायची वेळ येते. तिथे नोझलची तपासणी रिटर्नच्या बाटल्यांनी होते, प्रत्येकाचं परत येणारं डिझेल वेगळ्या बाटलीत, जो जास्त भरतो तो गळका.

कॉमन रेल गाडी अचानक एका ठरावीक आरपीएमच्या वर जात नसेल आणि बंद करून चालू केल्यावर बरी होत असेल तर ती लिंप मोडला जातेय, म्हणजे दोष दिसला म्हणून कॉम्प्युटर स्वतःच पॉवर कमी करतोय, स्कॅनर लावून एरर कोड बघा. पी०२९९ म्हणजे बूस्ट कमी, पी००८७ म्हणजे रेल प्रेशर कमी. पण पी०२९९ आला म्हणून टर्बो बदलू नका, कोड फक्त बूस्ट कमी म्हणतोय, का कमी ते होजवर हात फिरवूनच कळणार. २०१० च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांशी स्वस्तातलं ब्लूटूथ डोंगल बोलत नाही, त्यांना गॅरेजचा स्कॅनर लागतो.

एवढं करूनही नाही सापडलं

तेव्हाच कम्प्रेशन टेस्ट, आणि ती पंप खोलायच्या आधी. डिझेलचं गेज वेगळं असतं, पेट्रोलवालं चालत नाही, कारण इथे आकडा २५ ते ३० बारच्या घरात असतो. नेमका आकडा तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलमधून घ्या, पण एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच खाली दिसला तर नोझल बदलून काही होणार नाही. कम्प्रेशन ठीक, हवा ठीक, डिझेल ठीक, मग नोझल टेस्ट बेंचवर द्या, आणि त्यानंतर पंप. पंपवाल्याकडे देताना टेस्टचे आधीचे आणि नंतरचे आकडे लिहून मागा, मी मागितले नव्हते. जुना पार्ट बदलायचाच असेल तर कुर्ल्याला सीएसटी रोडवर सापडतो, पण वापरलेला टर्बो घेताना तीच बोटाने हलवायची टेस्ट दुकानात उभं राहून करा.

पीयूसीचा कागदही फेकू नका. डिझेलची पीयूसी म्हणजे उभ्या गाडीला रेस देऊन धुराची घनता मोजणं, आणि बीएस ४ च्या आधीच्या गाड्यांना मर्यादा २.४५, बीएस ४ ला १.६२. दुरुस्तीच्या आधीचा आणि नंतरचा आकडा शेजारी ठेवला की मिस्त्रीच्या "आता फर्स्ट क्लास झाली" वर विसंबावं लागत नाही. माझा होज बदलल्यावर आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला होता. फक्त टायमिंग बेल्ट कधी बदललाय माहीत नसेल तर ती रेस द्यायच्या आधी बेल्ट बघून घ्या, पीयूसीच्या व्हॅनसमोर बेल्ट तुटला तर व्हॉल्व वाकतात आणि ते बिल फार मोठं.

गॅरेजला जाताना मिस्त्रीला "पिकअप नाही" एवढंच सांगू नका. थंड सकाळचा व्हिडिओ दाखवा आणि सांगा, काळा धूर, तिसऱ्यात २००० च्या वर, फिल्टर नवा, होज बघितले, ऍक्च्युएटर हलतोय, पाणी नाही. तो आधी तुमच्याकडे जरा विचित्र नजरेने बघेल. मग बॉनेट उघडेल. काम झालं की पैसे द्यायच्या आधी त्याला शेजारी बसवून पुन्हा त्याच चढावर, त्याच गिअरला, तेवढीच माणसं घेऊन जा.